बिननावाची भांडी

तहसील कचेरीच्या आवारात, कडुनिंबाच्या सावलीत, टेबलखुर्ची मांडून मी अर्ज लिहिण्यास बसले त्यास आता बरीच वर्षे लोटली. शिक्षण म्हणाल तर आठवीची सहामाही परीक्षा दिली आणि माझे लग्न झाले. वार्षिक परीक्षा राहून गेली ती राहूनच गेली. परंतु सासऱ्यांची दृष्टी मंदावल्यावर त्यांचे टेबल मी चालविले, आणि पुढे त्यांच्याहून चांगले चालविले, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. वारसनोंद असो, निराधाराचा पगार असो, नाही तर बांधाचा वाद असो, माझ्या हातचा अर्ज साहेबांनी न वाचता बाजूला टाकला, असे सहसा झालेले नाही. वकील मंडळी तोंडावर मला ‘बाई’ म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्याची मला पर्वा नाही.

हे प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, आमच्या महिला मंडळाच्या भांड्यांची हकिकत गावात आजकाल भलतीच सांगितली जाते. कोणी सांगतात, साखर कारखान्याच्या संचालकांनी मोठ्या मनाने गावाला भांडी अर्पण केली. कोणी सांगतात, बायकांनी नवऱ्यांच्या वस्तू पळवून नेऊन विद्रूप केल्या. ही दोन्ही विधाने खोटी आहेत. मी त्या मंडळाची चिटणीस होते. जे घडले ते माझ्या डोळ्यांदेखत घडले आणि त्यातील बरेचसे मी घडविले. सबब ते लिहिण्याचा अधिकार माझा आहे.

आमचे गाव उंब्रजपासून थोडे आत. शिवारात ऊस, घरटी एक तरी माणूस फौजेत, आणि गावच्या पलीकडे टेकाडाला दगडाची खाण. खाणीवर दगड फोडणाऱ्या कुटुंबांची वस्ती. कैक पिढ्यांपूर्वी ती माणसे कर्नाटकातून आली असे म्हणतात. अजूनही त्यांच्या बोलण्यात मधूनच एखादा कानडी शब्द डोकावतो. गावातील घरांची जोती, विहिरींची बांधणी, मारुतीच्या देवळाची पायरी, सारे त्यांच्या हातचे. परंतु त्यांचे गावात येणे त्या पायरीपर्यंतच होते.

नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत आमचे मंडळ ऐन भरात होते. पुरुष त्याला ‘हळदीकुंकू मंडळ’ म्हणून हसत, आणि आम्ही त्यांना हसू देत होतो. अध्यक्षपदी सुभेदारीणबाई होत्या. नवऱ्याबरोबर त्यांनी अर्धा हिंदुस्थान पाहिला होता, आणि पेन्शनीनंतर नवरा शांत झाला तरी ह्यांच्या बोलण्यातील परेड सुटली नव्हती. “लाइनीत या गं! गप्पा नंतर,” असे म्हणून त्या बायकांना कामाला जुंपीत. जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून आम्ही सरकारी दवाखान्यात दिल्या. शाळेच्या गणवेशांसाठी दारोदार फिरलो. दुष्काळी पट्ट्यात ज्वारीची पोती पाठविली. ह्यातील एकाही कामाबद्दल आमचा सत्कार झाला नाही, आणि आम्ही तो मागितलाही नाही.

मग भांडी गोळा करण्याचे ठरले. आमच्याकडे लग्नात आहेर म्हणजे भांडे, आणि भांडे म्हटले की त्यावर नाव घालणे आलेच. दुकानातला माणूस करकर आवाज करणारी सुई घेऊन बसतो आणि ‘अमक्याकडून तमकीस सप्रेम भेट’ असे टिंबाटिंबांनी कोरून देतो. नावाविना दिलेले भांडे म्हणजे जणू चोरून दिलेले. अशी नावाची भांडी घराघरांतून माळ्यावर उपडी पडलेली असतात. बाई तीन पातेल्यांत संसार करते, आणि डोक्यावर मात्र सबंध दुकान घेऊन झोपते. उलट, दाराशी कार्य निघाले की भाड्याच्या भांड्यांसाठी धावाधाव. तेव्हा प्रत्येक घराने एक मोठे भांडे मंडळाला द्यावे, ती सर्व बालवाडीच्या मागच्या खोलीत राहावीत, आणि गावातील कोणत्याही कुटुंबाने लागतील तेव्हा न्यावीत व घासून परत करावीत, असा ठराव झाला. ठरावाची भाषा अर्थातच माझी.

हातगाडा घेऊन आम्ही गल्लोगल्ली फिरलो. एका म्हातारीने बुडाशी भोक पडलेली कळशी आणून ठेवली.

“आजी, ही गळतीय की,” सुभेदारीणबाई म्हणाल्या.

“गळतीय म्हणून तर दिली. न गळणारी दिऊन मी पाणी कशात भरू?”

“आवं आजी, लोकांच्या कार्याला पायजे.”

“मग लोकांनी पाणी कमी प्यावं.”

शेवटी तिच्या सुनेने आतून जर्मनचे मोठे पातेले आणून गाड्यात ठेवले आणि म्हातारीकडे न बघता आत गेली. अशा रीतीने परात, घमेले, तपेली, हंडा, पळ्या, बादल्या यांनी खोली भरली. संचालकांच्या पत्नीने तर पितळेची अशी परात दिली की तीत एका वेळी साऱ्या आळीची कणीक मळून व्हावी. त्या परातीवर संचालकांच्या स्वर्गवासी मातोश्रींचे नाव होते. मी स्वतः माझ्या माहेरचा तांब्याचा हंडा दिला.

येथे आमच्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक आमच्याच मुलखातील बायकांनी करावी अशी होती. भांड्यांवर नावे आहेत, ह्यात आम्हाला काहीच वावगे दिसले नाही. जन्मभर नावांची भांडीच वापरलेली. नाव दिसेनासेच झालेले. पहिल्याच बारशाच्या पंगतीत ह्याची चुणूक मिळाली. एक पाहुणी जेवता जेवता आमटीच्या तपेलीकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, “आगं बया! ही तर मी दादाच्या लग्नात दिलेली तपेली! माझा आहेर गावजेवणाला लावलास व्हय गं वयनी?”

वाढणारी तिची भावजयच होती. पळी हातात धरून ती म्हणाली, “लावला की. तुमच्या नावानं समदं गाव जेवतंय, वन्सं. पुण्य तुमालाच लागंल.”

“आन् तू काय दिलंस मग मंडळाला?”

“तुमची तपेली.”

पंगत पोट धरून हसली. आम्हीही हसलो. नाव ज्याचे, त्याला त्या भांड्यावर हक्क सांगता येतो, ही गोष्ट त्या हसण्यात मला, जी दिवसभर हक्काचेच कागद लिहिते तिला, सुचली नाही.

पुढे एके दिवशी खाणीवरची एक बाई कचेरीत माझ्या टेबलाशी येऊन उकिडवी बसली. हात दगडाच्या भुकटीने पांढरे.

“बाई, येक अर्ज लिवून द्या.”

“कोणाच्या नावे?”

“तुमच्याच.”

“माझ्या?”

“मंडळाच्या वो. पोरीचं लगीन धरलंय. भांडी पायजेत.”

भांड्यांसाठी अर्ज लागत नाही, तोंडी सांगितले तरी पुरे, असे मी म्हणाले. तिने मान हलविली. “न्हाई, लिवाच. आमी तोंडानं मागितल्यालं लोकांच्या ध्येनात ऱ्हात न्हाई.”

मग तिने सांगितले ते असे. थोरल्या मुलीच्या लग्नाला भाड्याच्या दुकानात भांडी मागावयास ती गेली, तर सर्व भांडी बाहेर गेली आहेत असे तिला सांगण्यात आले; मांडणीवर ती रचलेली तिला दिसत होती. मग रस्त्याच्या कामावरचे डांबराचे पिंप आणून, आत जाळ करून, वाळूने घासघासून त्यांत भात शिजविला.

“लय घासलं, बाई. हाताची सालं निघाली. पर भाताला वास आलाच. वऱ्हाडानं निम्मं ताट टाकलं. तवापासनं तिची सासू तिला नावानं हाक मारत न्हाई. ‘डांबरी’ म्हनती. पोरं झाली तिला दोन, आजून डांबरीच.”

धाकटीचे लग्न त्याच भावकीत, थोरलीच्या चुलतदिराशी ठरले होते. मुलगा कुपवाडला एका कारखान्यात भांड्यांना चकाकी देण्याच्या मशीनवर होता. म्हणजे वऱ्हाड तेच, आणि थोरलीची सासूही तीच.

“हिला तरी नावानं हाक मारूदेत,” ती म्हणाली. “येवढंच हाय.”

मी तिचा अर्ज लिहिला नाही. “भांडी मिळतील,” एवढेच म्हणाले. आणि मी शब्द दिला की तो कागदावर लिहिल्यासारखाच असतो.

ही बातमी गावात पसरण्यास वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीसमोर संचालकांची जीप उभी होती आणि भोवती दहा माणसे जमली होती. त्यांत माझे धाकटे दीरही होते. सुभेदारीणबाईंना व मला बोलावणे आले.

संचालक गोड बोलणारे. “बाई, तुमचं समाजकार्य आमाला मान्य हाय. पर आमच्या आईच्या नावाची परात खाणीवर जायची न्हाई.”

“परात मागितली आहे, म्हणून ती जाणार,” मी म्हणाले. मी घरीदारी शुद्धच बोलते. त्याबद्दलही मला नावे ठेवली जातात.

“आमी त्यास्नी न्हाई कवा म्हटलंय? त्यास्नी येगळी घिऊन दिऊ कवातरी. पर ही भांडी फिरून आमच्यात येणार. आमच्या पंगती बसणार त्यांत.”

“घासूनच येत्यात वो,” सुभेदारीणबाई म्हणाल्या. “मिल्ट्रीत कुणाचं ताट कुणाला मिळतं, कोन बघतंय का? तुमचा धाकटा भाऊ हाय की फौजेत. त्याला इचारा.”

कोणीतरी हसले. संचालकांना ते आवडले नाही. “फौज तिकडं. हितं गाव हाय. ज्याचं नाव त्याचं भांडं. बाजाराच्या दिशी सकाळी ज्यानं त्यानं येऊन आपापलं उचलून न्यायचं. मिटलं.”

मी त्यांस स्त्रीधनाचा कायदा ऐकविला. माहेराहून आलेल्या भांड्यावर सासरच्या माणसाचा काडीइतकाही हक्क नाही, आणि ते कोणास द्यावे हे ती बाईच ठरवील, असे मी स्पष्ट शब्दांत सांगितले. दीर मध्येच म्हणाले, “वयनी, कायदा कचेरीत. घरात नगं.”

“भावजी,” मी म्हणाले, “कायदा कचेरीत राहिला असता, तर तुमच्या हिश्श्याची वारसनोंद अजून कचेरीतच पडली असती.” परंतु निवाडा बदलला नाही.

दुपारी मंडळाची बैठक बालवाडीत भरली. संचालकांच्या पत्नीही आल्या होत्या आणि दाराशी पदर घेऊन बसल्या होत्या. त्या कधीच बोलत नसत. बैठकीत दोन तट पडले. कोणी म्हणाली, देऊन टाका भांडी, घरात रोजची कटकट कोण सोसणार. कोणी म्हणाली, आपण आपल्या घरातील रोजची भांडी नेऊ. तेवढ्यात खाणीवरची बाई स्वतःच आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

“ऱ्हावूद्या,” ती म्हणाली. “आमच्यापायी तुमच्या घरात भांडणं नगंत. आमी पिंपातच करतो. ह्या टायमाला चुन्यानं घासतो.”

ते ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. राग संचालकांचा आला नाही इतका त्या ‘चुन्याने घासतो’चा आला. ते नावांच्या जोरावर उचलणार असतील, तर नावेच ठेवावयाची नाहीत, असे मी उभी राहून म्हणाले. ही कल्पना माझी. सुभेदारीणबाईंचे म्हणणे असे की ती त्यांना आधी सुचली होती व मी फक्त आधी बोलले. हा वाद आमच्यात आजतागायत मिटलेला नाही.

“नाव जातं का पर भांड्यावरचं?” कोणी विचारले.

खाणीवरची बाई उंबऱ्याबाहेरून म्हणाली, “जावयाच्या मशिनीवर समदं जातं. तो म्हनतो, नाक धरलं तर नाकबी जाईल.”

आता एक गोष्ट मी प्रामाणिकपणे नमूद करते. नाव घालविणे हे ऐकण्यास सोपे वाटते. परंतु एकीच्या पातेल्यावर तिच्या वारलेल्या भावाचे नाव होते. तिने ते उराशी धरले आणि ती रडू लागली. सुभेदारीणबाई म्हणाल्या, “तू घरी घिऊन जा गं. आर्डर न्हाई ही.” ती घेऊन गेली, आणि तिला कोणी शब्दाने दुखविले नाही. बाकी साऱ्याजणी आपापल्या भांड्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या, आणि एकेकीने ते हाताने पुढे सरकविले. संचालकांच्या पत्नीने परात दोन्ही हातांनी उचलली, दाराबाहेर नेली आणि पायरीवर ठेवली.

भांडी नेण्यास टेम्पो मिळाला तो सुभेदारीणबाईंच्या भाच्याचा, भाजीपाल्याचा. आठवड्याच्या सुटीच्या दिवशी भल्या सकाळी खाणीवरच्या बाईसह आम्ही पाचसहाजणी त्यात बसलो. म्हणजे परातीत बसलो, हंड्यावर बसलो, जिथे जागा मिळाली तिथे बसलो. यजमानांनी ह्या प्रकरणात मौन पाळले होते, आणि ते मौन मी संमती म्हणून स्वीकारले होते. हमरस्त्याने गेलो असतो तर कारखान्याची माणसे भेटली असती, म्हणून कऱ्हाडातून कडेगावच्या वाटेने गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये आम्ही, आणि प्रत्येक खड्ड्याला बँड वाजावा तसा भांड्यांचा गजर. कडेगावात चहाला थांबलो तर टपरीवाला म्हणाला, “मावशी, भांडी इकायची का?”

“न्हाई,” सुभेदारीणबाई म्हणाल्या, “बाटवायचीत.” टपरीवाल्याला काही कळले नाही. आम्ही मात्र पुढचा घाट उतरेपर्यंत हसत होतो.

कुपवाडला पत्र्याच्या शेडमध्ये तो मुलगा भेटला. अंगभर काळी भुकटी, डोळे तेवढे पांढरे. होणारी सासू टेम्पोभर बायका व भांडी घेऊन दारात उभी पाहून तो चपापला, आणि मग म्हणाला, “काय वो मामी? नवरी ऱ्हायली मागं, आन् रुखवत आलं व्हय आधी?”

त्याला सर्व सांगितले. तो शेडच्या मालकाशी बोलला. मालक भला माणूस. सुटी होती, मशीन मोकळे होते. मुलाने आणखी दोघा सोबत्यांना बोलावून घेतले. मग ते चाक फिरू लागले. भांडे चाकाला लावले की किंचाळल्यासारखा आवाज निघे, ठिणग्या उडत, आणि टिंबाटिंबांची नावे धुरकट होत होत नाहीशी होत. स्टीलवरची लगेच जात. पितळेवरची जुनी नावे खोल होती. तिथे बारीक खळगे राहिले, परंतु वाचता येईल असे एकही अक्षर राहिले नाही.

माझा हंडा त्याने हाती घेतला आणि थांबला. “बाई, हे लय जुनं काम हाय. अक्षर बघा कसं मोत्यावानी हाय. घासू का ऱ्हावूदे?”

त्या हंड्यावर माझे माहेरचे नाव होते. लग्नात माझे नाव बदलले, आडनाव बदलले, रेशनकार्डावर, मतदारयादीत, कचेरीच्या परवान्यावर, सर्वत्र मी दुसरीच कोणी आहे. लोकांची नावे लिहिण्यात माझे आयुष्य गेले. माझे पहिले नाव मात्र जगात त्या एका हंड्यावरच लिहिलेले उरले होते. वडिलांनी ते बाजारात उभे राहून घालून घेतले होते आणि सुईवाल्याला वेलांटी दुरुस्त करावयास लावली होती. मी त्या अक्षरांवरून एकदा बोट फिरविले. मग मला ते ‘चुन्यानं घासतो’ आठवले.

“घास,” मी म्हणाले.

त्याने घासले. मी तोंड फिरविले नाही; शेवटची वेलांटी जाईपर्यंत बघत राहिले. ह्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटले नाही आणि आजही वाटत नाही. जे माझे होते ते मी माझ्या हाताने दिले. हक्क ह्यालाच म्हणतात, आणि हे मी कोणत्याही साहेबापुढे सांगेन.

बाजाराच्या दिवशी सकाळी मंडळी भांडी न्यावयास आली, तेव्हा आम्ही ती बालवाडीच्या अंगणात ओळीने मांडून ठेवली होती. ऊन पडले होते. सगळी एकसारखी लखलखत होती. डोळे दिपावेत अशी.

संचालक जीपमधून उतरले आणि उभेच राहिले. “हे काय?”

“भांडी,” सुभेदारीणबाई म्हणाल्या. “ज्याचं नाव त्याचं, आसं तुमचंच म्हननं. बघा नाव आन् न्या.”

माणसे ओळीतून फिरू लागली. भांडी उलटीपालटी करून, उन्हाकडे धरून बघू लागली. एकाने घमेल्यावर नखाने खरवडून पाहिले. माझे दीर हंड्यांपाशी येऊन उभे राहिले. तिथे तांब्याचे चार हंडे होते.

“वयनी, आपला कुठला?”

“भावजी, सगळे हंडे सारखेच दिसतात. तुम्हीच ओळखा. घरचे आहात.”

त्यांनी एक उचलला, दुसरा उचलला, आणि दोन्ही खाली ठेवले. जन्मात त्यांनी हंडा उचलून कधी पाणी आणलेले नव्हते, ओळखणार कशाने? आणि ही गोष्ट एकट्या त्यांची नव्हती. घरातली भांडी त्या पुरुषांनी फक्त जेवताना पाहिलेली. नाव गेल्याबरोबर त्यांना ती परकी झाली. प्रत्येक भांड्याचा पोचा, काठ, वजन ओळखणाऱ्या बायका मात्र भिंतीला टेकून शांत उभ्या होत्या.

मग त्यांनी बायकांना हाका मारण्यास सुरुवात केली. “आगं, ये की, आपलं बघ कुठलं ते!”

“मला न्हाई बा वळखू येत.”

“रोज घासतीस की!”

“आवं, रोजचं काळं हुतं. हे पांढरं हाय.”

संचालकांनी पितळेची परात पायाने पुढे ओढली. एवढी मोठी परात दुसरी नव्हती. “ही आमची,” ते म्हणाले, आणि पत्नीला हाक मारली. “ये. सांग ह्यास्नी.”

त्या आल्या. परातीकडे त्यांनी पाहिले. काठावरून हात फिरविला. आम्ही त्या हाताकडे बघत होतो, कारण खोटे बोलण्याची त्यांना सवय नव्हती आणि खरे बोलल्यास सगळेच संपले असते.

“आपल्या परातीवर आत्याबाईंचं नाव हुतं,” त्या म्हणाल्या. “हिच्यावर न्हाई.”

“घासलंय त्यांनी! दिसत न्हाई का तुला?”

“दिसतंय.” त्या वर न बघता म्हणाल्या. “आत्याबाई हयातभर लोकांना वाढत आल्या. कुणाला म्हणून उठवलं न्हाई त्यांनी ताटावरनं. ही आपली न्हवं. मंडळाची हाय.”

संचालकांनी एकदा आजूबाजूला पाहिले. मग ते ग्रामपंचायतीच्या शिपायाला म्हणाले, “ही खोली पंचायतीची हाय. आजच्या आज खाली करून घ्या.”

“करते,” मी म्हणाले. “लेखी नोटीस मात्र द्यावी. शब्दांत काही चूक असल्यास मी दुरुस्त करून देईन.”

ती भांडी त्याच दिवशी माझ्या ओसरीवर आली. ह्या प्रकरणापायी काही माणसांनी माझ्याकडे अर्ज लिहून घेणे सोडले. ती टेबलासमोरून मान वळवून पलीकडच्या अर्जनवीसाकडे जात. त्याचे अक्षर कसे आहे हे सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना काम व्हावे असे वाटले ते परत आले. ज्यांना माझी जिरवावयाची होती ते तिकडेच राहिले. मी खुर्ची हलविली नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही भांडी खाणीवर पोचविली. दगडांच्या ढिगांमध्ये जागा सपाट करून वर लुगड्यांचा मांडव घातला होता. चुली पेटल्या, तपेल्यांत भात रटरटू लागला, परातीत कणीक मळली जाऊ लागली. कुपवाडचे वऱ्हाड आले. अक्षता पडल्या. आमचे काम झाले होते, आम्ही निघालो. तेव्हा मुलीची आई आडवी आली.

“बाई, जेवून जावा.”

आम्ही जागच्या जागी थबकलो. हे मी झाकून ठेवणार नाही. भांडी देण्यासाठी आम्ही गावाशी भांडलो, नावे घासली, सारे केले. परंतु खाणीवर जेवावयास बसणे कोणीच मनात आणले नव्हते. दान देताना हात वर असतो. पंगतीत बसले की मांडीला मांडी लागते. सुभेदारीणबाईंनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले. ती बाई तशीच उभी होती. पुन्हा एकदा म्हणणार नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होते.

संचालकांच्या पत्नी आमच्या मागून पुढे आल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि पंगतीत मोकळ्या पत्रावळीसमोर मांडी घालून त्या बसल्या. मग मी बसले. सुभेदारीणबाई म्हणाल्या, “चला गं, फॉलिन!” आणि सगळ्या बसल्या.

समोरच्याच रांगेत थोरलीची सासू होती. पुढ्यात भात पडला तशी तिने मूठभर उचलला आणि नाकाशी नेला. खरोखरच नेला. वाढणाऱ्या पोरी जागीच उभ्या राहिल्या. तिची सून, ती थोरली, हातात आमटीची बादली घेऊन तिच्यासमोरच होती. तिच्या हाताची बोटे कडीवर आवळलेली मला दिसली. सासूने पुन्हा वास घेतला. भातात भाताचाच वास होता. तिने तो पत्रावळीवर ठेवला, आमटी ओरपली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “भांडी तेवढी चकचकीत. आमटी आळणी हाय.”

थोरलीने बादली खाली ठेवली.

“आळणी हाय तर मीठ मागून घ्या की, आत्याबाई,” ती म्हणाली. “आन् मागताना माज्या नावानं हाक मारा. आल्याबिगर ऱ्हायची न्हाई मी.”

नवरदेव पहिल्यांदा हसला, मग त्याचे सोबती, मग सबंध वऱ्हाड. सासू खाली मान घालून भात कालवीत राहिली. कालवून कालवून त्याचा लगदा झाला. अखेर तिने, पत्रावळीवरची नजर न हलविता, सुनेला नावाने हाक मारली आणि मीठ मागितले.

थोरली मीठ घेऊन आली. वाढून झाल्यावर आमटीची बादली उचलून ती पुढे सरकली, तेव्हा मी माझी पत्रावळ तिच्यापुढे केली आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, “इकडे आमटी वाढ. मला आळणी चालते.”